डोमाजी मास्तरांचा उजवा कान

किस्से गोळा करायला मला कधी कुठे जावं लागलं नाही. सानगडीच्या बाजारओळीत माझं शिलाईचं दुकान होतं. गिऱ्हाईक कपडे न्यायला सांगितलेल्या दिवशी येतं आणि त्या दिवशी कपडे तयार नसतात, हा आमच्या धंद्याचा नियम! मग गिऱ्हाईक बाकावर बसतं. बसलं की बोलतं. मी सातवीपर्यंतच शिकलो, पुढचं लिहिणं-वाचणं रद्दीच्या पेपरांवर झालं. मापाची वही मी पुढून मापांसाठी वापरायचो आणि मागून गोष्टींसाठी. दोन्ही बाजू मध्ये कुठेतरी भेटायच्या, पण दरवर्षी मागची बाजू पुढे सरकलेली असायची.

बेलबॉटमची फॅशन सानगडीत पोचली त्या वर्षीची वही तर जवळजवळ सगळी एकाच माणसाने खाल्ली. माणूस म्हणजे डोमाजी मास्तर. खरं सांगायचं तर त्यांच्या उजव्या कानाने.

डोमाजी कुठल्या शाळेत मास्तर नव्हते. दीड-दोन एकर धान होतं, एक बैलजोडी होती, आणि गावच्या दंडारीत ते पेटी वाजवायचे, म्हणून मास्तर. दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगाव मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला. लेकी-जावई येतात, सोयरे येतात, दुकानं लागतात आणि भर दुपारी मैदानात दंडार होते. गाणी, सोंगं, नाच, सगळं. आमच्या दंडारीची पेटी अठरा वर्षं डोमाजी मास्तरांच्या मांडीपुढे होती. दुसरं कोणी तिच्या भात्याला हातही लावत नसे.

*

पहिला किस्सा तालमीचा. तालीम माझ्या दुकानाच्या मागच्या पडवीत चालायची. ढोलकीवर बिसन. बिसन म्हणजे आमचा न्हावी, हात आणि तोंड दोन्ही सारखंच चालणारा.

गाणं संपलं तरी मास्तर मान हलवत बसले. म्हणाले, "पेटीत सूर अडकला, गा. काळी चार. वाजूनच राहिली."

बिसनने पाहिलं. भाता मिटलेला, पट्टा लावलेला. "मास्तर, पेटी तर बंद आहे."

"बंद आहे तरी वाजून राहिली!"

बिसनने पेटी उचलून दुकानात नेली. "आता?"

"आता बी वाजते."

त्याने ती डोक्यावर घेतली आणि बाजाराच्या टोकाला विहिरीपर्यंत गेला. तिथून ओरडला, "आता?"

मास्तरांनी कान टवकारला. "आता तर जवळ आली वाटते!"

बिसन आणखी लांब गेला. एकोडीच्या रस्त्याला लागला, दिसेनासा झाला. मी म्हटलं, "मास्तर, आता पेटी गावाबाहेर गेली."

मास्तरांनी डाव्या कानात बोट घातलं. मग उजव्या कानात घातलं. मग दोन्ही हात मांडीवर ठेवून शांतपणे म्हणाले, "टेलरभाऊ, त्याले परत बोलवा. आवाज माह्यात आहे."

*

साकोलीला डॉक्टरांकडे मी त्यांना घेऊन गेलो. पहिल्या एस.टी.ने गेलो, दवाखाना उघडायच्या आधी पोचलो, आमचा नंबर पहिला. कंपाउंडरने नाव पुकारलं तेवढ्यात एक म्हातारी म्हणाली, "बाप्पा, मी आधी जाऊ काय?" मास्तर म्हणाले, "जा ना माय." मग एक लेकुरवाळी आली. "जा ना बाई." मग एक धडधाकट गडी, पायाला साधा काटा रुतलेला. "जा ना गा." पहिले होतो ते आम्ही शेवटून पहिले आत गेलो.

डॉक्टरांनी बॅटरीने कान पाहिला. "कान स्वच्छ आहे. पडदा चांगला आहे. मनावर काही ताण आहे का?"

"नाही जी."

"घरात काही कटकट?"

"नाही जी. आमच्या घरी कोणालेच काही त्रास नाही. मी सगळ्याइले सांभाळतो."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "लोकांचं दडपण आलं की काही माणसांचा कान वाजतो. कधी वाजतो, त्याआधी कोण आलं होतं, काय बोलणं झालं, ते रोज लिहून ठेवा. कारण सापडलं तर कमी होईल."

"अन् नाही सापडलं तं?"

"मग सवय करून घ्यायची."

परतीची एस.टी. अर्थातच चुकली होती. थांब्यावर उभं असताना मास्तर म्हणाले, "टेलरभाऊ, एक सूर कानात अन् एक पेटीत, असं मले नाही जमणार. मंडईपर्यंत थांबला नाही तं मी पेटी सोडतो."

मी म्हटलं, "सोडता काहून? दुसरं कोणी आहे काय गावात?"

"म्हणूनच. बेसूर वाजवून लोकाइले फसवू काय?" मग ते म्हणाले, "बाकी सारं मी लोकाइसाठी करतो, भाऊ. पेटीच तेवढी माही आहे."

*

लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी पान आखलं : वार, वेळ, कोण आलं, काय म्हणालं, कान. पहिल्या आठवड्यातल्या नोंदी जशाच्या तशा देतो.

सोमवार, सकाळ. शेजारी बैल मागायला आला. दिला. वाजला.

सोमवार, दुपार. बांधावरून चुलतभावाशी मोठं भांडण. नाही वाजला.

मंगळवार, सकाळ. स्वयंपाकघरात साप निघाला. नाही वाजला.

मंगळवार, दुपार. साप पाहायला आलेल्या लोकांना चहा. वाजला.

बुधवार. वरठीहून बायकोच्या भावाचं पत्र. पाकीट फोडायच्या आधीच वाजला.

गुरुवार. एका लग्नाच्या बोलणीत मध्यस्थ म्हणून चला, अशी विनंती. होकार दिला. वाजला.

शुक्रवार. त्याच लग्नाच्या दुसऱ्या बाजूचे लोक आले, आमच्याकडून चला म्हणाले. त्यांनाही होकार. दिवसभर वाजला.

शनिवारी मी पान वाचून दाखवलं. भांडणाने वाजत नाही, सापाने वाजत नाही. कोणी गोड बोलून काही मागितलं, मास्तर "हो" म्हणाले, की वाजतो!

बिसन वस्तरा परजत होता. तो थांबला. "म्हणजे मास्तर, रोग कानात नाहीच. जिभेत आहे!"

*

आता इलाज सोपा होता. मास्तरांना "नाही" म्हणायला शिकवायचं! रोज दुपारी दुकानात शिकवणी सुरू झाली. बिसन मागणार, मास्तर नाही म्हणणार, मी मशीनवर बसून पाहणार.

बिसन म्हणाला, "मास्तर, तुमची सायकल द्या."

"घेऊन जा ना."

"मास्तर! नाही म्हणा!"

"हो हो. चुकलं. पुन्हा माग."

"सायकल द्या."

मास्तरांनी श्वास घेतला, मुठी आवळल्या. कपाळावर घाम आला. "नाही..."

आम्ही दोघं श्वास रोखून बसलो.

"...नाही म्हणजे, मागच्या चाकात हवा नाही. थांब, भरून देतो."

दुसऱ्या दिवशी मी सुचवलं की सायकल खरी आहे, म्हणून जड जातं. त्यांच्याकडे नाही अशी वस्तू मागून पाहू. बिसन म्हणाला, "मास्तर, तुमचा हत्ती द्या."

मास्तर पाच मिनिटं विचारात पडले. मग अगदी ओशाळून म्हणाले, "कधी पाह्यजे?"

*

एवढ्यात गावात बातमी पसरली. आणि आमच्याकडे कोणी आजारी पडलं की घरटी एक माणूस विचारपूस करायला येतंच. न येणं म्हणजे वैर. आलेल्याला चहा न देणं म्हणजे त्याहून मोठं वैर. मास्तरांच्या ओट्यावर सकाळपासून रांग. "काय जी मास्तर, कान वाजते म्हणे?" जो येई तो एक उपाय सांगे, आणि मास्तर कोणत्या उपायाला नाही म्हणणार? दोन दिवसांत उजव्या कानात लसणाचं तेल गेलं, कांद्याचा रस गेला, तुळशीचा रस गेला, वरून गरम मिठाची पुरचुंडी ठेवली गेली.

बिसन वाकून कानात पाहून म्हणाला, "मास्तर, आता फक्त वांगे टाकाचे राह्यले!"

आणि कान? माझ्या वहीत त्या दोन दिवसांच्या रकान्यात एकच उभी रेघ आहे.

शेवटी यशोदाबाईंनी, म्हणजे मास्तरांच्या बायकोने, मामला हातात घेतला. दोन्ही कानांत कापूस कोंबला, मास्तरांना ओट्यावर बसवलं आणि दारात उभ्या राहून येईल त्याला सांगायला लागल्या, "त्याइले काहीच आयकू येत नाही, बाप्पा. बोलून फायदा नाही."

चमत्कार झाला! ज्याला ऐकू येत नाही त्याला मागणार काय? पहिला दिवस, कान शांत. दुसरा दिवस, शांत. तिसऱ्या दिवशी मास्तर ओट्यावर बसल्या बसल्या मांडीवर बोटांनी पेटी वाजवताना मी पाहिले. त्या तीन दिवसांची पानं मी कोरी सोडली आहेत, ती अजून तशीच आहेत.

चौथ्या दिवशी दोन गडी ओट्यावर टेकले. मास्तर समोरच होते, पण बहिरे म्हणून हे दोघं मोकळेपणाने बोलू लागले.

"मास्तरचा बैल पाह्यजे होता रे. पण आता त्याले मांगाचं कसं?"

"मांगाचं कायले? सोडून घेऊन जाऊ. त्याले काय आयकू येते?"

"पण दावं कुठं ठेवते, काय मालूम."

कापूस घातलेले मास्तर पटकन वळून म्हणाले, "गोठ्याच्या मागं, खुटीले अडकवलं आहे, गा!"

*

एक छोटा किस्सा माझाही. या सगळ्यात बिसनचा कान वाजायला लागला. मग बाकावर बसणाऱ्या आणखी तिघांचा. कोणाचा सासरा आला की वाजायचा, कोणाचा ग्रामसेवक दिसला की. मी प्रत्येकाला वेगळं पान दिलं. एके दुपारी मलाही आवाज ऐकू आला. बारीक, तीक्ष्ण, सलग. मी हात थांबवला, आवाज थांबला. हात चालवला, आवाज सुरू. मी घाबरून बायकोला हाक मारली, "अवं, माहा बी कान वाजून राहिला! काम केलं का वाजते!"

ती आली, तिने मशीनचं चाक फिरवून पाहिलं आणि म्हणाली, "तेल टाका."

*

मंडईला आठ दिवस होते तेव्हा मास्तरांचा वरठीचा साळा, म्हणजे यशोदाबाईंचा भाऊ, आला. मोतीराम त्याचं नाव. वरठीच्या स्टेशनवर रेल्वेत नोकरीला होता, त्यामुळे रोज शंभर माणसं त्याला भेटायची आणि प्रत्येकाला तो काहीतरी कबूल करून यायचा. पूर्ण करायला भाऊजी होतेच.

मास्तरांना घेऊनच तो दुकानात शिरला, मंडईला साजेसा सफारी शिवायचा म्हणून. मी माप घेत असताना म्हणाला, "भाऊजी, एक सांगाचं राह्यलं. आपल्या मंडईले पंचायत समितीचे सभापती साहेब येऊन राहिले. त्याइचा भाचा नागपूरले पेटी शिकला. यंदा दंडारीत तोच वाजवते."

माझ्या हातातली टेप सुटली. बिसन दारात उभा होता, तो तिथेच खाली बसला.

"मी त्याइले पलाटफारमवर सांगून देलो," मोतीराम म्हणाला, "का आमचे भाऊजी आजवर कोणाले नाही बोल्ले नाहीत. सभापती साहेब लय खूश! चालते ना, भाऊजी?"

मास्तर माझ्याकडे पाहत होते. मी मान हलवत होतो. बिसन दोन्ही हात हलवत होता. मास्तरांचे ओठ हलले. मोतीराम "वा वा, भाऊजी!" म्हणून त्यांच्या पाठीवर थाप मारून चहा सांगायला बाहेर गेला.

मास्तर उजवा कान गच्च दाबून उभे होते. चेहरा पांढरा पडलेला. मला म्हणाले, "टेलरभाऊ, एवढा कधीच नव्हता वाजला. माहंच मले आयकू आलं नाही. काय बोल्लो मी?"

मी म्हटलं, "हो बोल्ले, मास्तर."

*

आता मंडईचा दिवस. दुपारचे दोन वाजले असतील. मैदानात ताडपत्र्या अंथरलेल्या, पुढे खुर्च्या, खुर्च्यांवर सभापती, शेजारी नव्या सफारीत मोतीराम. एका बाजूला बाया, त्यांत यशोदाबाई. जिलबीची दुकानं भरात. भाचा पांढऱ्या टेरिकॉटच्या बेलबॉटममध्ये उभा होता. शिलाई नागपूरची, पण पायाजवळची मोहरी वाकडी. धंद्याची नजर, काय करणार!

पेटी मांडलेली होती आणि तिच्यामागे डोमाजी मास्तर बसलेले होते. मी समजलो, सोपवून उठतील. बिसनने ढोलकी मांडीवर घेतली पण वर पाहिलं नाही.

सभापती हसून म्हणाले, "चला मास्तर, यंदा भाच्याले बसू द्या."

मास्तरांनी पेटीकडे पाहिलं. मग सभापतींकडे. मग म्हणाले, "नाही."

"काय म्हणाले?"

"नाही जी."

मोतीरामच्या तोंडातला पानाचा विडा तसाच गालात राहिला. पहिला हलला तो भाचा. त्याच्या चेहऱ्यावर असा काही उजेड पडला की विचारू नका! मामाला "मी येतोच" म्हणून तो जिलबीच्या दुकानाकडे जो गेला, तो दंडार संपेपर्यंत तिथेच होता.

सभापतीही तसे भले गृहस्थ. मोठ्याने हसले आणि म्हणाले, "बरं बाप्पा! तुमची पेटी, तुम्हीच वाजवा. चला, करा सुरू."

मास्तर म्हणाले, "नाही."

बिसनने मान वर केली.

"नाही काय? भाचा गेला ना! वाजवा आता."

"नाही."

"मग उठता काय?"

"नाही."

मोतीराम धावत पुढे आला, हात जोडले. "भाऊजी, साऱ्या सोयऱ्याइसमोर इज्जतीचा सवाल आहे. माह्यासाठी!"

"नाही," मास्तर म्हणाले. अगदी प्रेमाने म्हणाले. राग नव्हता, हट्ट नव्हता. नवा गूळ जिभेवर ठेवून पाहावा तसं ते प्रत्येक "नाही" म्हणून पाहत होते.

बिसन वाकून कुजबुजला, "मास्तर, सुराचं काय? निदान काळी चार तरी द्या!"

"नाही, गा."

शेवटी दंडार पेटीविनाच सुरू झाली. ढोलकी, टाळ आणि गाणाऱ्यांचे उघडे गळे. सूर जिकडे जाईल तिकडे गेला. राजाचं सोंग वरच्या पट्टीत, राणी खालच्या पट्टीत, प्रधान मधेच कुठेतरी अडकलेला. लोकांनी पोट धरधरून हसून घेतलं, सभापतींनी डोळे पुसले. आणि या सगळ्याच्या मधोमध, भाता मिटलेल्या पेटीमागे, दोन्ही हात मांडीवर ठेवून डोमाजी मास्तर डोळे मिटून बसले होते. यशोदाबाई मधेच उठून आल्या, त्यांच्या चेहऱ्याकडे जवळून पाहिलं आणि परत जाऊन बसल्या.

दंडार संपली. पाहुणे गेले, मोतीराम रागावून गेला, दुकानदार पाट्या आवरू लागले. ऊन कलायला लागलं होतं. मंडपवाला कोंडू, एकोडीचा माणूस, ताडपत्र्या गुंडाळत गुंडाळत पेटीपर्यंत आला.

"मास्तर, उठता काय जी? ही ताडपत्री घ्याची आहे."

"नाही," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी भात्याचा पट्टा काढला.

मग त्यांनी वाजवायला सुरुवात केली. पहिल्या गणापासून. दंडारीतलं प्रत्येक गाणं, त्याच क्रमाने, राजाची एन्ट्री, राणीचं रडणं, प्रधानाचा कावा, काहीही न गाळता. ऐकायला मी, बिसन, यशोदाबाई, जिलबी खाऊन परतलेला भाचा आणि जिलबीचे कागद चाटणाऱ्या दोन बकऱ्या. कोंडू आधी कमरेवर हात ठेवून उभा राहिला. मग अर्ध्या गुंडाळलेल्या ताडपत्रीवर बसला. एक सूर इकडचा तिकडे झाला नाही.

शेवटचं गाणं संपलं तेव्हा कोंडू हात जोडून म्हणाला, "मास्तर, चार दिवसांनी आमच्या एकोडीची मंडई आहे. आमच्याकडे पेटीवाला नाही. याल काय जी वाजवाले?"

मी आणि बिसनने एकमेकांकडे पाहिलं.

मास्तरांनी उजव्या कानाचा कानोसा घ्यावा तशी मान कलती केली, डोळे मिटले आणि बराच वेळ तसेच बसून राहिले. कोंडू गोंधळून माझ्याकडे पाहू लागला.

मग मास्तरांनी डोळे उघडले.

"हो," ते म्हणाले.